आसरा वर आणणारी चंद्राबाई

बारामतीच्या खाली, कऱ्हा नीरेला मिळायच्या अलीकडं, नदी एका काळ्या खडकाला वळसा घालते. त्या वळणात आसरांचा डोह आहे. वरच्या अंगाला कऱ्हा फाल्गुनातच वाळूची होते, लोक पात्रातून खुशाल बैलगाड्या हाकतात. पण हा डोह आटलेला कुणाच्या आज्यानंही पाहिला नव्हता. पाण्यापासून हातभर अंतरावर शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. आणि डोहातले मासे म्हणजे त्यांच्या लेकी. त्यांना जाळं लावायचं नाही, गळ टाकायचा नाही, दगडसुद्धा मारायचा नाही.

चंद्राबाई भोईण या लेकींची राखणदार. हे काम तिला कुणा सरकारानं दिलेलं नव्हतं. सासऱ्यानं केलं, मग नवऱ्यानं केलं, नवरा हिवतापानं गेला तसं तिच्या गळ्यात आलं. काठावर तिची छपराची खोप होती. आसरांना जो शिधा चढे त्यातला वाटा तिचा, त्यावर तिची चूल.

तिचं माहेर इंदापूरकडं, भीमेच्या काठाला. बाप, चुलते, भाऊ सगळे जाळ्यावर जगणारे. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी ती सासऱ्याला म्हणाली होती, "मासं हायेत आन् धरायचं न्हाईत? मंग भोयाच्या घरात दिली कशाला मला? बामणाच्या घरात द्यायची हुती की!"

सासरा चिडला नाही. त्यानं तिला काठावर बसवलं आणि म्हणाला, "हात बुडव. आन् गप बस."

तिनं हात बुडवला. तळातून सावल्या वर आल्या. हातभर लांब मासे, तांबूस पराचे, अंगावर रुपयाएवढाले खवले, उन्हात पितळेसारखे चमकणारे. ते आले आणि बिनदाताच्या तोंडानं तिची बोटं चाचपू लागले, तान्ह्या लेकरानं अंगावर प्यायला शोधावं तसे. सगळ्यांत मोठीच्या पराला तांब्याची बारीक कडी होती. सासऱ्याच्या बापानं कधी तरी घातलेली. तिला नथवाली म्हणत. चंद्राबाईनं हात काढला तो रडतच. त्यानंतर मासे धरायची भाषा तिनं काढली नाही.

हा मासा एके काळी कऱ्हेत सगळीकडं होता. नीरेत होता. मग धरणं झाली, पाट झाले, पाण्याच्या वाटा बदलल्या. सडकेच्या कामावर सुरुंगाची दारू आली आणि ती दारू कुणीही उठून डोहात टाकू लागलं. एक धडाका, की सगळं पांढरं पोट करून वर. मोठे मासे पाट्या भरून न्यायचे, बोटाएवढी पिलं तिथंच कुजायची. बघता बघता वरचे डोह मोकळे झाले, खालचे झाले. राहिला एवढा एक, तोही देवीच्या धाकानं. चंद्राबाईचा दीर गेणबा भीमेपर्यंत जाळं घेऊन हिंडायचा, तो सांगायचा, "वयनी, हा मासा आता तुझ्या दारातच हाय. बाकी नदीत म्या सोताच्या डोळ्यानं इतक्या वर्षांत बगितला न्हाय."

चंद्राबाईनं दारूवाल्यांना पळवून लावलं होतं. एकदा कोयता घेऊन, एकदा नुसत्या शिव्यांनी. तिच्या शिव्या ऐकून सडकेच्या मुकादमानं कानाला हात लावला आणि टोपी सोडून पळाला, ही गोष्ट बाजारात वर्षभर पुरली. चोराशी कसं भांडायचं ते तिला ठाऊक होतं. पण त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात जे आले ते चोर नव्हते. ते हात जोडून आले.

आदल्या साली पाऊस झालाच नव्हता. जिराईत गावं खडी फोडायला सडकेवर उतरली होती. पाटाखालचे बागायतदार एरवी दुष्काळ दुसऱ्याच्या घरातला म्हणून बघायचे, पण औंदा धरणच तळाला गेलं, पाटाच्या पाळ्या बंद झाल्या, आणि उभा ऊस वाळायला लागला तशी त्यांनाही देव आठवले. पाणी कुणाच्या हातात? आसरांच्या. मग आसरांच्या लेकी जेवू घाला, आया तृप्त होतील, पाणी देतील.

रोज माणसं येऊ लागली. कुणी दहीभात, कुणी पुरण, कुणी पिठाचे गोळे, कुणी नारळ फोडून पाण्यासकट आत. वर हळदीकुंकवाच्या मुठी. डोह आटून आटून दोन गाड्या उभ्या राहतील एवढा उरला होता, आणि सगळ्या मुलखाचा नैवेद्य त्यात पडत होता. चंद्राबाईला बरंच वाटलं. लेकी उपाशी राहत नव्हत्या, तिची चूलही पेटत होती. तीच लांबून आलेल्यांना सांगायची, "हातानं भरवा बाई, हातानं. लेक हाय आयांची."

त्यात तिची लेक रतन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला काटेवाडीत दिली होती. पोट चांगलं वर आलेलं. आसरांच्या दारात बाळंतपण म्हणजे दोन्ही बाजूंनी धार. राखल्या तर त्याच राखतात. कोपल्या तर ओल्या बाळंतिणीला आणि तिच्या लेकराला त्याच धरतात. हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. म्हणून रतन रोज सकाळी दगडांना पाणी घालायची आणि मगच चहा प्यायची.

एक दिवस पाणी घालायला गेलेली रतन ओरडली, "आये! आये गं, हिकडं ये!"

सगळे मासे वर आले होते. पाण्याच्या कडेला तोंडं बाहेर काढून आ वासत होते. आणि कडेच्या फेसात नथवाली आडवी तरंगत होती. डोळा पांढरा झालेला.

गेणबा आला. त्यानं मासा उचलून कल्ल्याखाली बोट घातलं आणि नाकाशी नेलं. "दारू न्हाय. कुणी इख बी न्हाय घातलं. कल्लं पांढरं फेक पडल्यात." मग इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "वयनी, एक बोलू? ह्या समद्या जाणारच. पाणी ऱ्हायलं न्हाय. आत्ताच धरल्या तर खडीवरच्या माणसांच्या पोटात तरी जातील. आन् आपल्या बी."

"पयलं तुझं जाळं जाळीन, मंग तुला," चंद्राबाई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

तिनं लुगडं खोचलं आणि पाण्यात शिरली. मांडीएवढं पाणी. पाय तळाला टेकला तो घोट्यापर्यंत आत गेला. हा तळ तिला पाठ होता: गोटे, त्याखाली वाळू. आता पायाखाली मऊ, कोमट काही तरी होतं. तिनं वाकून मूठ भरून वर काढली. काळा राडा. त्यात भाताची शितं, नारळाच्या करवंट्या, कुंकवाचा गाळ. वास असा, की काठावरच्या रतनला उलटी झाली.

चंद्राबाईनं बोटांनी ती शितं वेगळी केली. तिच्याच हातानं भरवलेलं होतं ते. पाण्याला भक्ती कळत नाही. पाण्याला भात कळतो, आणि साचलेल्या पाण्यात भात कुजतो.

त्या दिवसापासून ती आल्यागेल्याला अडवू लागली. "आत टाकू नका. काठावर ठेवा." कुणी ऐकेना. म्हाळसा नावाची तिच्याच वयाची बाई, नातवासाठी नवस बोललेली, तोंडावर म्हणाली, "आगं, काल सांगत हुतीस हातानं भरवा म्हून. आज न्हाय म्हंतीस. आयांचा शिधा समदाच सोताच्या घरात न्यायचा इचार हाय व्हय तुजा?"

हे तिला लागलं. चोर म्हणवून घ्यायची तिला सवय नव्हती.

तेवढ्यात कळलं, की कोऱ्हाळ्याचे सावळारामतात्या येत्या अवसेला लेकींना जेवण घालणार आहेत. साधंसुधं नाही. कढया भरून भात, वर तूप, गूळ. सगळा डोहात सोडायचा. चंद्राबाई चालत कोऱ्हाळ्याला गेली.

तात्या वाईट माणूस नव्हता. त्याची बायको एकदा बाळंतपणात जायची वेळ आली होती, आसरांना नवस बोलला आणि ती उठून बसली. तेव्हापासून तो डोहाकडं पाठ करून चालत नसे. त्यानं चंद्राबाईला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं.

"तात्या, तेवढा भात आत पडला तर एक लेक जगायची न्हाय. पाणी सडलंय. नथवाली गेली."

"म्हूनच गेली! उपाशी मारलीस तू. तूच अडवतीस लोकांस्नी, म्हाळसानं सांगितलंय मला."

"उपाशी न्हाय वं, खाऊन खाऊन मेली! वाहत्या पाण्याचा मासा हाय त्यो. औंदा नदी वाहती का?"

"वाहावी म्हून तर जेवाण घालतोय!" तात्या उठला. "चंद्रे, तुला राखाया ठिवली. आयांनी काय खावं न् काय न्हाय, हे सांगाया न्हाय ठिवली."

"लय बरं. मंग राखते," असं म्हणून ती उठली आणि न वळता निघाली. पाणी तसंच भांड्यात राहिलं.

वाटेनं तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. लोकांना डोहाशी काही घेणं नाही. ते दगडांकडं येतात. दगड पाण्याच्या कडेला, म्हणून नैवेद्य पाण्यात. दगड जिथं, नैवेद्य तिथं. मग दगड पाण्यापासून लांब नेले तर?

साती आसरा जागच्या हलवायच्या? त्यांना न्हाऊ घालतानाही माणूस आधी माफी मागतो. आणि घरात रतन, भरल्या पोटाची.

तिनं रतनपासून लपवलं नाही. भाकरी खाता खाता सांगून टाकलं. रतननं भाकरी खाली ठेवली.

"आये, आन् माझ्या पोराला काय झालं तर?"

चंद्राबाई म्हणाली, "मला ठावं न्हाय."

"न्हाय होणार, असं तरी म्हण की गं!"

"खोटं कशी म्हणू? म्या बी त्यांना मानते. तुझ्यापरीस जास्त मानते." मग ती म्हणाली, "तू काटेवाडीला जा. मी सोडते. तितं तू त्यांच्या नदरंआड हुशील."

"पयल्या खेपेला म्हायेर सोडून जाऊ? लोक काय म्हंतील?" रतन रडू लागली. गेली नाही.

अवसेची सकाळ झाली. चंद्राबाईनं अंघोळ केली आणि सातही दगडांची ओटी भरली. खण नव्हते, तिनं आपल्या जुन्या चोळीचे सात तुकडे केले. मग समोर बसली आणि मोठ्यानं बोलली, गेणबाला आणि रतनला ऐकू जाईल असं: "ह्या लेकी तुमच्या हायेत. मी राखते नुसती. तुमी आया हाय, मी बी आय हाय. काय करायचं ते मला करा. माझ्या लेकीनं तुमाला हात लावला न्हाय. मी लावते."

लग्नातलं लुगडं तिनं पाटीत अंथरलं आणि पहिला दगड उचलला. गेणबानं तो बघितला आणि गडी पळाला. जाळं खांद्यावर, पायात पायताणही नाही. तिनं एकटीनं सातही दगड दरडीवर नेले, पार वर, करंजाच्या झाडाखाली. मातीत खड्डे करून बसवले. जिथून उचलले तिथं ओल्या मातीत सात काळे वण राहिले.

गाड्या आल्या तेव्हा ती करंजाखाली उभी होती. तात्या पुढं. मागं कढया, मागं बायका, हलगी वाजत होती. हलगी आधी थांबली.

"आया वर आल्यात," चंद्राबाई म्हणाली. "जेवाण हितं वाढा."

"कुणी आणल्या?"

ती सहज म्हणू शकली असती, की स्वप्नात आल्या, म्हणाल्या आम्हाला वर ने. सगळे पाया पडले असते. कुणाचं काय बिघडलं असतं? पण तिच्या तोंडाला खोटं बोलायचं वळणच नव्हतं.

"म्या आणल्या. ह्या हातानं."

बायकांतून आवाज फुटला. म्हाळसानं स्वतःच्या गालात मारून घेतलं. तात्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो चार पावलं पुढं आला, हात उचलला, आणि तो हात तसाच वर राहिला.

"चंद्रे, तुझी लेक घरात हाय. पोटुशी. इसरलीस?"

"इसरले न्हाय."

"मंग?"

"इसरले असते तर सोपं गेलं असतं, तात्या. हलवा तुमी माघारी. ह्या हायेत. उचला आन् न्हेऊन ठिवा खाली. मी आडवी येत न्हाय."

तात्यानं दगडांकडं बघितलं. मग आपल्या माणसांकडं. त्या माणसांतल्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी लेकुरवाळी होती. कुणी पुढं झालं नाही. एकदा हलवलेल्या आसरांना दुसऱ्यांदा हात लावायची छाती त्या घोळक्यात एकाचीही नव्हती. आणि आया जिथं नाहीत तिथं जेवण कशाला सांडायचं? शेवटी भात करंजाखाली वाढला गेला. केळीची पानं मांडून, दगडांसमोर, वाफाळता.

सडकेवर खडी फोडणाऱ्या माणसांना वास गेला. आधी लांब उभी राहिली. मग एक म्हातारी आली, पानाला हात लावून कपाळाला लावला आणि खायला बसली. तिला कुणी उठवलं नाही. मग सगळेच बसले. तात्या तोंड फिरवून गाडीत चढला.

दुपारपर्यंत काटेवाडीला बातमी पोहोचली. रतनची सासू द्वारकाबाई गाडी घेऊन आली. खाली उतरलीसुद्धा नाही.

"रतन, चल. ह्या घरात तुझं बाळातपण व्हायचं न्हाय." आणि चंद्राबाईकडं न बघता, "विहीणबाई, आपला पाव्हणेरपणा संपला. पोर जगलं तर कळवू. न जगलं तर तुमाला कळंलच."

रतन गाडीत बसली. तिनं मागं बघितलं की नाही ते चंद्राबाईला दिसलं नाही. तिच्या स्वतःच्या डोळ्यांना तेव्हा काही दिसत नव्हतं.

मग नुसतं काम उरलं. गेणबा दोन दिवसांनी परत आला, शरमेनं जाळं खाली ठेवलं आणि जुनं पोतं घेऊन डोहात उतरला. दोघांनी मिळून तळाचा राडा पोत्यानं ओढून काढला, वर शेतात नेऊन टाकला. पाणी ढवळलं की मासे घाबरे होत, म्हणून जरा जरा करत. भोयांच्या घरात एक गोष्ट बायकांना येते: घरी आणलेले जिते मासे हंड्यात मलूल झाले, की पाणी वरून धार धरून सोडायचं, पाण्याला वारा लागतो. चंद्राबाई सकाळी सकाळी खडकावर चढायची आणि घागरीमागून घागर डोहातलंच पाणी भरून वरून खाली ओतायची. येणारे जाणारे हसायचे. "बाई येडी झाली. आसरा लागल्या." तिनं बाभळीच्या फांद्या आणून अर्ध्या डोहावर सावली केली, त्या काट्यांत जाळंही टाकता येत नाही. तरी मासे मरायचे. एखादा आज, एखादा चार दिवसांनी. ती प्रत्येकाला काठावर पुरायची आणि पुन्हा घागर उचलायची. शिधा बंद झाला होता. मग विहिरीवरच्या बागायतात भाज्या खुरपायला जायची, आणि येताना मेथीच्या चार काड्या पदरात.

काटेवाडीहून निरोप आला नाही. ती कुणाला विचारायची नाही. कोणी काटेवाडीचं भेटलं तर त्याच्या तोंडाकडं बघत राहायची.

पुढं कऱ्हेला वरून पाणी आलं. लाल गढूळ, काडीकचरा घेऊन. रात्रीत डोह खडकापर्यंत भरला. बाभळीच्या फांद्या वाहून गेल्या. पाणी उतरलं तरी गढूळच. चंद्राबाई हात बुडवून बसायची. काही यायचं नाही. म्हाळसा वरून जाता जाता म्हणाली, "गेल्या लेकी. आयांना हलवल्यावर त्या कशाला ऱ्हातील?" नदी मोकळी झाली होती, मासा वाटेल तिकडं गेला असेल. वाचवला की घालवला, हे सांगणारं कुणी नव्हतं.

थंडी पडली. पाणी निवळलं, तळाचे गोटे दिसू लागले. आणि एक दिवस करंजाखाली गाडी येऊन उभी राहिली.

आधी द्वारकाबाई उतरली. मग रतन. तिच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. चंद्राबाई खोपीच्या दारात होती, ती तशीच दाराला धरून उभी राहिली.

रतननं दगडांना पाणी घातलं. द्वारकाबाईनं ओटी भरली, नैवेद्य ठेवला, तिथंच, वर. लेकराला दगडांपुढं टेकवलं, उचललं. मग ती चंद्राबाईकडं वळली.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "बरी हाय."

चंद्राबाईनं मान हलवली. पुढं आली नाही. लेकीच्या लेकीला हात लावायचा हक्क आपल्याला राहिला आहे की नाही, ते तिला कळेना.

रतननंच लेकरू सासूकडं दिलं आणि दरड उतरून पाण्याकडं गेली. चंद्राबाई मागोमाग गेली. रतन काठावर बसली, जिथं तिची आई पहिल्या दिवशी बसली होती तिथंच. सात वण कधीच पाण्यानं पुसून गेले होते.

"हायेत का गं?" रतननं विचारलं.

"ठावं न्हाय. माझ्याकडं येत न्हाईत. इतका राडा उपसला, भ्याल्या असतील."

रतननं नैवेद्यातली चिमूट हातात धरली होती. चंद्राबाईनं तिचं मनगट धरलं, मूठ उघडली आणि शितं झाडून काठावर टाकली.

"रिकामा हात बुडव."

बराच वेळ काही झालं नाही. वरून द्वारकाबाईनं हाक मारली, "चला गं, उशीर होतोय!" रतन हलली नाही. मग गोट्यांमधून एक सावली सरकली. बोटभर लांब, तांबूस पराची. औंदाचं पिलू. ते आलं, रतनच्या बोटाशी थबकलं, चाचपलं, आणि काही मिळेना तरी तिथंच राहिलं. त्याच्या मागून आणखी.

चंद्राबाई तिथंच बसकण मारून बसली. तिनं पदर तोंडाला लावला. वर न बघता ती हाक देऊन म्हणाली, "विहीणबाई, नातीला घेऊन खाली या. हळू या. आन् हातात काय बी आणू नका."

द्वारकाबाई लेकरू छातीशी धरून दरड उतरू लागली.